मानाची सुपारी

"तोंड उघडा आणि स्वतःची तीन बोटं उभी आत घाला," मी म्हणाले. समोर कोण बसलंय हे मी अजून पाहिलंही नव्हतं. सकाळच्या ओपीडीत हे वाक्य मी इतक्यांदा म्हणायची, की कधीकधी जेवणाच्या ताटावर बसल्यावरही ते तोंडून निघायचं आणि होस्टेलच्या मुली हसून लोळायच्या.

समोरच्या माणसाने तीन बोटं पुढे केली. ती जाईनात म्हणून दोन केली. शेवटी एक बोट आत गेलं आणि दुसरं दातांशी अडून राहिलं.

"दीडच जाते जी," तो म्हणाला.

मी मान वर केली. आवाज दाराआडून यावा तसा दबलेला होता, पण तो कुणाचा हे कळायला मला चेहऱ्याची गरज नव्हती. हिरामण दोनाडकर माझ्यापुढे बसला होता. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या धानाच्या गावांमधून ज्याच्या नाटकांना माणसं बैलगाड्या जुंपून यायची, तो हिरामण. त्याने मला ओळखलं आणि ओळख दाखवायची की नाही, अशा विचारात तो खाली बघत राहिला. मग मीच म्हणाले, "हिरामणजी, मी कुमुद. वडशाची. नाकाडे गुरुजींची."

"तवाच ओरखलं जी," तो म्हणाला. "पन तुमी आता डॉक्टर."

तुमी ऐकून मला बरं वाटलं नाही. वडशाला तो मला तू म्हणायचा.

वडशाला आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून नाटक कंपनीचा तालमीचा हॉल होता. मी अकरावीत असताना हिरामण तिथे नायकाची कामं करायला आला. शाळा त्याने लवकर सोडलेली. वाचायला बसला की ओळीवर बोट ठेवून इतका वेळ लावायचा, की मालकांचा जीव जायचा. कंपनीचा प्रॉम्प्टर दुपारी हमखास झोपलेला असे. म्हणून भिंतीपलीकडून हाक यायची, आणि मी अंगणातल्या ओट्यावर बसून संहिता वाचायची. राजकन्या, विधवा, तमासगीर बाई, कलेक्टरीण, सगळ्याजणी मी एकाच सपाट आवाजात वाचल्या, गणिताचं पुस्तक वाचावं तशा. हिरामण एकदा ऐकायचा आणि त्याला ते पाठ व्हायचं. मग तो उभा राहून नायकाचे संवाद म्हणायचा. जगात जेवढी म्हणून प्रेमाची वाक्यं आहेत तेवढी त्या दोन हंगामांत हिरामणने मला ऐकवली. त्यातलं एकही माझ्यासाठी नव्हतं. माझा त्याच्यावर जीव जडला होता, आणि हे त्याला ठाऊक नव्हतं असं मी धरून चालले होते. पुढे माझा नंबर नागपूरच्या डेंटल कॉलेजला लागला, आईने डोळे पुसले, बाबांनी पेढे वाटले, आणि भिंतीपलीकडच्या त्या तालमी माझ्याविनाच सुरू राहिल्या. मध्ये दहा-अकरा वर्षं गेली. मला स्थळं आली आणि मी ती नाकारत गेले. का, असं आईने विचारलं की मी अभ्यासाकडे बोट दाखवायची.

आणि आता त्याचं तोंड मिटत चाललं होतं. खर्रा. आमच्या भागात पोर मिसरूड फुटायच्या आधी खर्रा घोटायला शिकतं. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घोटून गालात धरायचं. हिरामणच्या गालांना आतून बोट लावलं तेव्हा ते वाळलेल्या चामड्यासारखे लागले. तिखट खाल्लं की आग होते, जांभई पूर्ण देता येत नाही, शिटी वाजत नाही, असं तो सांगत होता. मग सर्वात शेवटी, जरा लाजून, त्याने खरं दुखणं सांगितलं. पद गाताना वरच्या पट्टीत गेलं की तोंड उघडत नाही, आणि मागच्या बाकांवरून लोक ओरडतात.

"दिवारीपर्यंत होईन का जी?" त्याने विचारलं. "परसरामजी म्हनते, नाई झालं तर दुसरा नायक पाहू."

परसराम लांजेवार म्हणजे कंपनीचे मालक. दिवाळी यायला चार महिने होते. होईल की नाही, मला सांगता येईना. प्रयत्न करू, एवढंच म्हणाले.

माझं संशोधन नेमकं याच रोगावर होतं. गालातला थोडासा तुकडा तपासायला काढायचा म्हटल्यावर हिरामण घाबरला. तेव्हा मी त्याला सगळं समजावलं, जसं आमच्या वर्गात कधी कुणाला समजावलं नव्हतं. गालाची आतली कातडी मऊ राहते ती बारीक धाग्यांमुळे. हे धागे प्रथिनांचे असतात, रोज थोडे जुने जातात, थोडे नवे बनतात. खर्रा सतत गालात राहिला की शरीरातलंच एक रसायन चेकाळतं आणि धाग्याच्या टोकांवर किंचित बदल करतं. बदल एवढासाच, पण त्यामुळे एक धागा दुसऱ्याला धरतो, दुसरा तिसऱ्याला, आणि घट्ट चऱ्हाट वळलं जातं. जुने धागे कापायला शरीराकडे कात्री असते, पण वळलेलं चऱ्हाट तिला कापता येत नाही.

हिरामणने गालावरून बोट फिरवलं. "मंग ते गाठ सोडते कोन?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. नवी पडू द्यायची नाही, आणि जुनी जमेल तेवढी ताणायची."

तेव्हापासून तो दर मंगळवारी यायचा. नागपूरच्या नंदनवन भागात त्याचा मावसभाऊ फलक रंगवायचा, त्याच्याकडे उतरून तोही दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. मी गालात इंजेक्शनं द्यायची. नंतर आइस्क्रीमच्या चपट्या काड्यांची चळत दातांमध्ये ठेवून तोंड ताणायचं, थोडं सैल झालं की चळतीत आणखी एक काडी सरकवायची. हिरामणच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण तो काडी काढू द्यायचा नाही. दुपारी ओपीडी संपली की तो आमच्या प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर थांबायचा. नव्या नाटकाची संहिता त्याच्या पिशवीत असे. तोंडाचा व्यायाम म्हणून जोरात बोलणं चांगलं, असं मी वैद्यकीय चेहऱ्याने सांगितलं आणि संहिता हातात घेतली. दहा-अकरा वर्षांनी मी पुन्हा नायिका वाचू लागले. आवाज अजून तसाच सपाट होता.

आठवडा मंगळवारी सुरू व्हायचा आणि मंगळवारीच संपायचा. मधले दिवस मी कशी काढत होते, ते माझी रूममेट सांगेल. सोमवारी केस धुतेस आणि मंगळवारी तोंडाच्या आरशात स्वतःचंच तोंड बघतेस, असं ती चिडवायची. आणि यात एक गोम होती, जी मला पहिल्याच महिन्यात उमगली. चळतीत एक काडी वाढली की तो मला सोडून जायच्या दिवसाकडे तेवढाच सरकणार होता. मी काडी सरकवायची आणि मनात म्हणायची, बसली. मग वाटायचं, बसायला नको होती.

पण काड्या वाढतच नव्हत्या. तीन महिने झाले, दीड बोटाचं पावणेदोनही होईना. उलट एका मंगळवारी मागच्या वेळची काडीसुद्धा बसली नाही. मी त्याला स्पष्टच विचारलं, खर्रा चालू आहे का.

"सोडला जी. आईशपथ सोडला. पन्नीले हात लावला नाई."

तो खोटं बोलत नव्हता, हे मला कळत होतं. मी आरसा घालून पुन्हा पाहिलं. डाव्या गालाच्या कोपऱ्यात तांबूस डाग होता आणि दाढेच्या फटीत एक कण अडकला होता. चिमट्याने तो काढून मी त्याच्यापुढे धरला.

"हे काय?"

हिरामण हसला. "हे का खर्रा होय? हे मानाची सुपारी होय. तंबाखूचा कनही नाई तिच्यात."

मग त्याने सांगितलं ते असं. परसरामजींच्या वडिलांनी कंपनीत एक रीत घातली होती. गावची मंडळी नाटक ठरवायला वडशाच्या ऑफिसात आली, की ती ताटात सुपारी ठेवतात. नायकाने ती त्यांच्यादेखत फोडून तोंडात टाकायची. टाकली की त्या तारखेला तो त्या गावच्या मांडवात उभा राहणार, मग घरी मयत का होईना. पाऊस सरला की तारखा ठरू लागतात. म्हणून दर रविवारी हिरामण वडशाला जात होता आणि दिवसभर येतील तेवढ्या गावांची सुपारी खात होता. खर्रा सोडला होताच, त्यामुळे तोंड मोकळंच होतं. प्रत्येक सुपारी तो मान म्हणून सावकाश चघळायचा, थुंकायचा नाही.

मी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. खर्रा सोडा, खर्रा सोडा, असं त्याला मीच नव्हे, त्याच्या भावाने, डॉक्टरांनी, एसटी स्टँडवरच्या फलकांनीही सांगितलं होतं. आणि हिरामणच्या हिशेबी खर्रा म्हणजे तंबाखू. आमच्याकडे लहान मुलालाही जेवणानंतर सुपारी देतात. तिच्यात काही वाईट असतं हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"तंबाखूने कॅन्सर होतो हिरामणजी," मी म्हणाले. "पण तोंड बांधते ती सुपारी. ती चऱ्हाटाची गोष्ट सांगितली ना, ती सुपारीचीच होती."

त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, "म्हनजे ज्या गावाले येतो म्हनून शब्द देल्लो, त्या गावानंच तोंड बंद केलं माहं."

आता इंजेक्शनांनी भागण्यासारखं राहिलं नव्हतं. सर्जरीच्या मॅडमनी गालातले पट्टे कापून काढायचं ठरवलं. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने रोज तोंड ताणावं लागणार होतं, नाहीतर सगळं पुन्हा आवळून येणार होतं. म्हणजे हिरामणचा त्या वर्षीचा हंगाम गेला. ते सांगायला तो वडशाला गेला आणि परत आला तेव्हा परसरामजींनी दुसरा नायक ठरवलेला होता. पुढच्या वर्षी तोंड दाखव, मग बघू, असं ते म्हणाले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुःखाने नव्हे. दिवाळीपासून होळीपर्यंत हिरामण नागपुरात राहणार होता.

शस्त्रक्रिया नीट झाली. पहिले काही दिवस त्याला नळीने पातळ पेज घ्यावी लागे. मी होस्टेलच्या मेसमधल्या काकूंना मस्का लावून ती शिजवून घ्यायची आणि डब्यातून न्यायची. त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून मीच बोलायची. वडशाच्या अंगणातलं सीताफळाचं झाड, बाबांचं निवृत्त होणं, माझी मोडलेली स्थळं, काय वाटेल ते. मोडलेल्या स्थळांवर तो भुवई उंचवायचा. मग टाके निघाले आणि रोजचा व्यायाम सुरू झाला. आता मंगळवारपर्यंत थांबावं लागत नव्हतं. तो रोज दुपारी बाकावर यायचा, काड्यांची चळत वाढत जायची, आणि काड्या काढल्या की आम्ही संहिता उघडायचो. माझ्या आयुष्यात मी कधी सुखी होते असं कुणी विचारलं, तर मी त्या बाकाकडे बोट दाखवेन. त्यानंतर मी प्रोफेसर झाले, परदेशांत जाऊन प्रथिनांच्या गाठींवर बोलून आले, टाळ्या घेतल्या. पण उत्तर तेच राहील.

तीन महिने झाले असतील. नाटक एका सैनिकाचं होतं. तो सीमेवरून गावी परत येतो आणि त्याची सुमन पाटलाच्या घरी सून म्हणून गेलेली असते. मी सुमन वाचत होते. ओळींवरून बोट फिरवत होते, कारण हिरामण कुठे चुकला तर थांबवायचं माझं काम होतं. सैनिक स्वच्छ पुस्तकी भाषेत बोलायचा, आमच्याकडचे सगळे नायक तसेच बोलतात. हिरामणने दोन संवाद म्हटले. तिसऱ्याला तो थांबला, आणि माझ्याकडे न बघता, समोरच्या कडुनिंबाकडे बघून म्हणाला,

"तोंड उघडं होतं तवाच बोलाले पायजे होतं तुह्यासंगं."

माझं बोट ओळीवर थांबलं. ते वाक्य पानावर नव्हतं. मी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. मी शाळकरी पोरीसारखी पानं उलटत होते.

"हे कुठे आहे?" मी विचारलं. "माझ्या पानावर नाही."

तो काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले, आणि मला वाटतं, मी काहीतरी म्हणेन म्हणून तो थांबला होता. आतून कुणीतरी मला हाक मारली, स्लाइड तयार झाल्या म्हणून.

"मंग चुकलं असन माहं," तो म्हणाला. "तुमी वाचा."

पुढचा संवाद सुमनचा होता. मी तो वाचला.

उन्हाळा संपता संपता त्याची तीन बोटं आत गेली. सर्जरीच्या मॅडमनी त्याची पाठ थोपटली, विद्यार्थ्यांनी फोटो काढले. हिरामणने व्हरांड्यात उभं राहून वरच्या पट्टीतलं एक पद म्हटलं आणि दुसऱ्या मजल्यावरचे पेशंट कठड्याशी आले. निरोप घ्यायला तो प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आला. आत जोडे चालत नाहीत म्हणून बाहेरच उभा राहिला. तारखा ठरायला लागल्या की वडशाला या, म्हणाला. मी व्यायामाच्या काड्यांचे दोन जुडगे त्याच्या हातात दिले, रोज करायचं म्हणून बजावलं, आणि सुपारी तोंडात टाकली तर वर्षभरात पुन्हा इथेच याल, असं तीनतीनदा सांगितलं.

दसऱ्याला मी घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या ऑफिसात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंपन्यांचे फलक लागले होते. आमच्या कंपनीच्या फलकावर हिरामण बंदूक घेऊन उभा होता, गाल लालबुंद रंगवलेले. आत चामोर्शीकडच्या कुठल्याशा गावची चार-पाच मंडळी सतरंजीवर बसली होती. परसरामजी गादीवर, हिरामण त्यांच्या बाजूला. मी दारात उभी राहिले. त्याने मला पाहिलं आणि नुसती मान हलवली, कारण बोलणी अगदी शेवटाला आली होती. गावच्या म्हाताऱ्या प्रमुखाने पितळेचं ताट पुढे सरकवलं. ताटात सुपारी होती.

परसरामजी हिरामणकडे बघत होते. वर्षभर घरी बसलेला नायक पहिल्याच गावाची सुपारी नाकारतो म्हटल्यावर ते काय करतील, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. हिरामणने सुपारी उचलली.

मी त्याला वर्षभर जपलं होतं. त्याच्या गालातला धागा न धागा मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. आणि त्या दारात उभी असताना मला अगदी मनापासून वाटलं, खा. खा ती. आवळू दे पुन्हा सगळं. दीड बोटावर ये, आणि येऊन माझ्या बाकावर बस. या वेळी मी पान उलटणार नाही. तू चुकलास की मी संहिता मिटून तुझ्याकडे बघेन.

हिरामणने सुपारी कपाळाला लावली आणि ताटात परत ठेवली.

मंडळींत कुजबुज झाली. सुपारी खाल्ली नाही तर येणार कशावरून, असं म्हाताऱ्याने विचारलं. परसरामजी घसा खाकरू लागले. तेव्हा हिरामण उठून उभा राहिला. सुपारीनेच आपलं तोंड कसं बांधलं गेलं होतं ते त्याने सांगितलं, न रागावता, न लाजता. मग म्हणाला, या तोंडाने शब्द देतो, तो सुपारीपेक्षा कमी समजू नका, आणि शंका असेल तर आत्ता ऐका. आणि त्याने पहिल्या अंकाचं पद सुरू केलं. रस्त्यावरचा सायकलवाला थांबला. शेजारच्या कंपनीतली माणसं बाहेर आली. वरच्या पट्टीत त्याचं तोंड पुरतं उघडलं, आणि माझ्याशिवाय त्या ऑफिसात कुणालाही त्यात नवल वाटलं नसेल.

म्हातारा खूश झाला. तारीख पक्की झाली. चहा आला. मग म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट करून विचारलं, "आन् ह्या बाई कोन?"

हिरामण माझ्याकडे वळला. क्षणभर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं बाकावरून कधी बघितलं नव्हतं. मी वाट पाहिली.

"ह्या आमच्या डॉक्टरबाई," तो म्हणाला. एकेक शब्द स्वच्छ होता.